पाचवं भोक

नळीत नळी.
मधे फट एवढीच, की तेल जावं, वाळू जाऊ नये.
आतल्या नळीला चार भोकं, बाहेरचीला एक,
आणि स्प्रिंगवरचं बटण,
जे टक् करून सांगतं : थांब, इथं.

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
मी दिवसाला तीनशे नळ्या टोचते.
म्हणजे बाराशे भोकं.
आई म्हणते, माझ्या हजार विड्या, तुझी बाराशे भोकं,
पुढं गेलीस की.

पंख्याच्या नळीशेजारून एक बारीक दांडा जातो
दोन रिबिटांवर डुलत.
पंखा उंच नेला की दांडा ओढतो, पंखा मान खाली घालतो.
खाली आणला की समोर बघतो.
हात लावायला नको.
सोफ्यावरचा माणूस, पलंगावरचा माणूस,
ओट्यापाशी पोळ्या लाटणारी,
उभ्यानं इस्त्री करणारा :
नकाशात चार माणसं आहेत, चार भोकांची.
जमिनीवर कुणी बसलेलं नाही.

विडी घरकुलात, पत्र्याखाली,
एप्रिलच्या दुपारी दोन वाजता
आई मांडीवर सूप घेऊन बसते
आणि पंखा बंद करते.
लावला तर तंबाखू उडते,
भिजवलेली पानं कडक होतात,
कडक पान वळताना फुटतं,
आणि संध्याकाळी कारखान्यात तपासणारा
ती विडी छाट म्हणून बाजूला काढतो,
न बघता, नुसत्या बोटांनी.
चाळीस वर्षं अशीच :
डोक्यावर पंखा, पंख्याला वीज, विजेचं बिल भरलेलं,
आणि वारा नाही.

शनिवारी माझ्या हातून एक नळी छाट झाली.
किलोच्या भावानं मीच विकत घेतली,
दोन रिबिटा आणि एक वाकडा दांडा वर मागितला.
गेटवर हिरेमठ साहेबांनी नळी डोळ्याला लावली,
आरपार बघितलं, दुर्बिणीसारखं.
"दुडम बाई, हिला पाच भोकं?"
म्हटलं, एक चुकून पडलं, साहेब. म्हणून तर छाट.
त्यांनी अंगठा फिरवला पाचव्यावर.
कडा कानशीनं घासलेल्या होत्या.
चुकून पडलेल्या भोकाच्या कडा कुणी घासत नाही.
पावतीवर सही केली,
म्हणाले, ऊन फार आहे यंदा.

घरी दांडा बोटभर कापला, उलटा बसवला.
दोनदा चुकला. एकदा पंखा सरळ जमिनीकडे बघायला लागला,
शाळेत अंगठे धरून उभ्या पोरासारखा.
तिसऱ्यांदा बटण पाचव्या भोकात टक् झालं,
पंखा आईच्या पाठीमागं, कमरेएवढा,
आणि त्यानं तोंड वर केलं.
वारा पाठीवरून चढला, मानेवरून,
अंबाड्यातून सुटलेल्या केसांवरून निघून गेला.
खाली उतरला नाही.

आईचा विश्वास बसेना.
चिमूटभर तंबाखू सुपाच्या काठावर ठेवली
आणि बघत बसली,
दूध तापताना बघतात तशी.
चिमूट तिथंच.

मग म्हणाली, "गालि."
आमच्या घरात वाऱ्याला गालि म्हणतात.
दारातून जाणारी सखूबाई थांबली :
"काय गं, गालाला काय झालं?"
आई हसली, कातर हातातच.
"काही नाही की. लागला."

पाचशे विड्या झाल्यावर तिनं उठून पंखा बंद केला,
सवयीनं.
परत येऊन बसली, पान हातात घेतलं,
बटणाकडे बघितलं,
माझ्याकडे नाही,
आणि पुन्हा उठली.